आई-बाबांसाठी इटलीची बस टूर : शहरं मोजावीत की रात्री?

तांबडी माती :

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना दक्षिण युरोपला न्यायचं घाटतंय. बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, उजवा गुडघा दुखरा. आई ६६ची, चालायला खणखणीत, पण शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. सोबत मी एकटीच असेन. तीन बॅगा, दोन ज्येष्ठ आणि अनोळखी स्टेशनं मला एकटीला झेपणार नाहीत, म्हणून ग्रुप टूरच करायची हे पक्कं आहे.

दोन कार्यक्रमांवर गाडी अडलीय.

एक : १२ दिवस, ५ देश. बार्सिलोनात उतरायचं, मग नीस, मोनॅको, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, रोम, व्हॅटिकन. बार्सिलोना आणि रोमला दोन-दोन रात्री, वाटेत मिलानसकट बाकी बहुतेक ठिकाणी एकेक.

दोन : १० दिवस, फक्त इटली. रोमला उतरून थेट सोरेंतो २ रात्री (ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरासकट), रोम ३, फ्लॉरेन्स २ (पिसा धरून), व्हेनिस २ आणि तिथूनच परत.

दोन्हींच्या किमतीत माणशी जेमतेम वीस हजारांचा फरक. घरचे सगळे म्हणतात, एवढा खर्च करतेयस तर पाच देश बघून या, पुन्हा कुठे जाणं होतंय. मलाही ते पटतं आणि पटतही नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तू नेशील तिथे." ज्यांनी अशा टूर केल्यात त्यांनी कृपया सांगा.

वाटाड्या :

अकरा वर्षं युरोपच्या सहलींवर टूर मॅनेजर होतो. आता ते काम सोडलंय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

ताई, देश मोजू नका, रात्री मोजा. एका गावात एक रात्र म्हणजे संध्याकाळी सातला पोचणं, जेवणं, झोपणं आणि सकाळी साडेसहाला बॅग दाराबाहेर. ते गाव तुम्ही पाहिलेलं नसतं, तिथे फक्त झोपलेला असता. दोन रात्री मिळाल्या की मधला एक अख्खा दिवस आपला होतो. त्या दिवशी बॅग भरायची नसते, आणि ज्येष्ठांना खरा आराम तिथे मिळतो.

आता बसचं गणित, कारण कार्यक्रमपत्रिकेत ते कधीच लिहिलेलं नसतं. युरोपीय संघात चालकाच्या तासांचा कायदा आहे. दिवसाला ९ तास गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदा १० तास चालतात. साडेचार तास चालवलं की मिळून ४५ मिनिटांची विश्रांती घ्यायलाच हवी. रोज सलग ११ तास आराम, दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये फार तर तीनदा तो ९ तासांवर आणता येतो. गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, चालक त्यात स्वतःचं कार्ड घालतो आणि मिनिटामिनिटाची नोंद होते. पोलिसांनी वाटेत थांबवून ती तपासली आणि गडबड निघाली तर दंड जबर. म्हणजे सकाळी साडेसातला बस निघाली की रात्री साडेआठच्या सुमाराला चालक मोकळा झालेला असला पाहिजे. "अजून अर्धा तास थांबू या ना" असं प्रवासी म्हणतात आणि टूर मॅनेजर नाही म्हणतो, तेव्हा तो आडमुठेपणा करत नसतो. त्याच्या डोक्यात हे घड्याळ चालू असतं.

हे तुमच्या पहिल्या कार्यक्रमाला लावून बघा. बार्सिलोना ते नीस ६६० किलोमीटरच्या आसपास. बसचा वेग ताशी १०० ला बांधलेला असतो. टोलनाके, गर्दी धरून सरासरी ८० पडली तर सव्वाआठ तास नुसतं चालवणं, वर सक्तीचे थांबे, वर जेवण. अख्खा दिवस संपला. दुसऱ्या दिवशी नीसहून मोनॅको करून पिसामार्गे फ्लॉरेन्स, म्हणजे पुन्हा साडेचारशे किलोमीटर. बाबांचा गुडघा चालून जितका दुखेल त्यापेक्षा जास्त असा बसून आखडेल. उलट दुसऱ्या कार्यक्रमात रोम ते फ्लॉरेन्स २७५ आणि फ्लॉरेन्स ते व्हेनिस २६० किलोमीटर. दोन्ही दिवशी दुपारच्या जेवणाला तुम्ही मुक्कामाच्या गावात असाल.

आणखी एक. कार्यक्रमपत्रिकेतले शब्द नीट वाचा. "पाहा" किंवा "दर्शन" म्हणजे बाहेरून. "फोटो स्टॉप" म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. "पॅनोरमिक टूर" म्हणजे बसच्या खिडकीतून. "प्रवेशासह" असं लिहिलं असेल तरच तिकीट धरलंय. रोमच्या कलोसियमची आणि व्हॅटिकन म्युझियमची ही ओळ बोट ठेवून वाचा. मी अशी माणसं पाहिलीत जी आयुष्याची पुंजी घालून आली आणि कलोसियमच्या बाहेरच्या फुटपाथवरून परत गेली. फार वाईट वाटायचं.

खिडकीजवळची जागा :

वरच्या प्रतिसादाला +१. व्हॅटिकनचा दिवस कुठल्या वारी येतोय तेही विचारा. म्युझियम रविवारी बंद असतं (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून), आणि बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असली की सेंट पीटर्स चर्चमध्ये दुपारपर्यंत जाता येत नाही. आमचा ग्रुप नेमका बुधवारी पोचला होता. सोमवारी फ्लॉरेन्सची दोन्ही कलादालनं, उफिझी आणि डेव्हिडच्या पुतळ्याचं अ‍ॅकॅडेमिया, बंद. व्हॅटिकनमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आई साडी किंवा पंजाबी ड्रेसमध्ये असतील तर प्रश्नच नाही.

रुळावरची गाडी :

थोडं वेगळं मत मांडतो. इटलीत बस टूर करूच नये असं मला वाटतं. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेने दीड तास लागतो आणि गाडी गावाच्या मधोमध सोडते. बसना या गावांत आत जाताच येत नाही, कुठेतरी कडेला सोडतात आणि तिथून पायपीट. स्टेशनजवळची हॉटेलं घेतली तर एक माणूस दोन ज्येष्ठांना घेऊन आरामात फिरू शकतो. मी सासू-सासऱ्यांना घेऊन केलंय. दुपारी झोप काढायची मुभा असते, ती ग्रुपमध्ये नसते.

तांबडी माती :

@रुळावरची गाडी, तुमचं म्हणणं पोचलं, आणि दुपारच्या झोपेचा मुद्दा तर अगदीच पटला. पण मला भीती वाटते ती वाटेत बाबांना काही झालं तर, ही. शेजारच्या सीटवर मराठी बोलणारं कुणी असेल, एक जण दवाखान्यात आणि एक जण आईजवळ थांबू शकेल, हा आधार मला हवाय. आईला गप्पांना माणसंही लागतात.

@वाटाड्या, हे चालकाच्या तासांचं कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून धन्यवाद. पारडं दुसऱ्या कार्यक्रमाकडे झुकतंय.

एमिलियातून :

मी नऊ वर्षं इटलीतच, बोलोन्यात राहते, त्यामुळे इथल्या रोजच्या गोष्टी सांगते.

बस गावात येत नाही हे खरं, पण त्यातही फरक असतो. फ्लॉरेन्समध्ये काही ग्रुप हमरस्त्यालगतच्या व्हिला कोस्तान्झा तळावर उतरतात आणि तिथून ट्रामने वीस-बावीस मिनिटांत मुख्य स्टेशनाशी येतात. ट्राम सपाट आणि बसायला जागा असलेली, गुडघ्याला त्रास नाही. पिसात बसतळापासून मनोऱ्यापर्यंत एक किलोमीटरहून थोडं जास्त अंतर आहे. व्हेनिसमध्ये बस त्रोन्केत्तो बेटावर थांबते, पुढे बोटीने सान मार्को या मुख्य चौकाकडे. बोटीत चढताना फळी हलते, बाबांचा हात धरा. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, त्यामुळे तिथे चालण्यापेक्षा बोटीने फिरवा.

व्हेनिसचा आणखी एक नियम : २०२४ पासून एका गाइडबरोबर २५ पेक्षा जास्त माणसं नेता येत नाहीत आणि लाउडस्पीकरवर बंदी आहे. तुमच्या बसमध्ये चाळीस जण असतील तर दोन गाइड लागतील. कंपनीने दोघांचे पैसे धरलेत का, हे आत्ताच विचारून ठेवा. नाहीतर अर्धा ग्रुप चौकात ताटकळतो आणि बाकीचे अर्धे ऐकतात. ठराविक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून व्हेनिस प्रवेशशुल्क घेतं. मेस्त्रेत (व्हेनिसच्या जमिनीवरच्या भागात) मुक्काम असेल तर ते लागत नाही, कारण मेस्त्रे त्याच नगरपालिकेत येतं आणि हॉटेलात कर भरलेला असतो.

तो कर म्हणजे सिटी टॅक्स. माणशी, रात्रीगणिक, बहुतेकदा टूरच्या किमतीबाहेर. रोमच्या चार तारांकित हॉटेलात साडेसात युरो रात्रीला. तिघांचे तीन रात्रींचे साडेसदुसष्ट युरो झाले, वेगळे काढून ठेवा.

पाणी विकत घेऊ नका. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, नाकासारखी वाकडी तोटी असते म्हणून त्यांना नाझोने म्हणतात. दिवसरात्र गार, पिण्याजोगं पाणी वाहतं. तोटीच्या वरच्या बाजूला एक भोक असतं. खालून बोटाने धार दाबली की पाणी त्या भोकातून कारंज्यासारखं वर येतं आणि वाकावं लागत नाही. बाबांना नक्की आवडेल.

सीमोल्लंघन :

आम्ही गेल्या वर्षी स्पेन-पोर्तुगाल केलं, असंच बसने. माद्रिद, कॉर्दोबा, सेव्हिल, ग्रानादा, लिस्बन. अनुभव संमिश्र, आणि जे वाईट झालं ते टाळता येण्यासारखं होतं म्हणून सांगतो.

"ग्रानादा ४ तारांकित हॉटेल" एवढंच लिहिलं होतं. प्रत्यक्षात हॉटेल गावापासून बसने चाळीस मिनिटांवर, औद्योगिक वसाहतीत. आसपास एक पेट्रोलपंप आणि टायरचं दुकान. स्पेनमध्ये गावाला जाग येते रात्री नवानंतर. लोक जेवायला तेव्हा बाहेर पडतात, चौक भरतात, पोरंबाळं खेळत असतात. आम्ही त्या वेळी खोलीत टीव्ही बघत बसलो होतो. इथे नावं लिहू नयेत म्हणून कंपनीचं नाव मी सांगत नाही, पण सगळ्यांनी एवढं करा : हॉटेलची नावं लेखी मागा, "किंवा तत्सम" असेल तर तत्समचीही मागा, आणि नकाशावर स्वतः बघा.

दुसरं, ग्रानादाचा अलहांब्रा, म्हणजे तिथल्या जुन्या मुस्लिम राजांचा किल्ला आणि महाल. तिथलं तिकीट नावावर असतं आणि दारात पासपोर्ट तपासतात. नासरी महालात शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की संपलं. आमच्यातल्या एका जोडप्याचे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहिले होते. ते दोघं बाहेर बागेत बसून राहिले. सिंहांचं प्रांगण, त्यातले बारा दगडी सिंह, ते सडपातळ खांब, सगळं आम्ही आत पाहत होतो आणि मनातून ते दोघं जात नव्हते. रोमच्या कलोसियमलाही आता नावावर तिकीट आहे, तेव्हा पासपोर्ट अंगावर ठेवा.

चांगलं म्हणाल तर कॉर्दोबाची मशीद-कॅथेड्रल. लाल-पांढऱ्या कमानींचं जंगल, साडेआठशेहून जास्त खांब. आमच्या गाइडबाईंनी आत गेल्यावर सांगितलं, पाच मिनिटं मी काहीच बोलणार नाही, तुम्ही फक्त बघा. गाइडचा आवाज ऐकवणारं कानातलं यंत्र शांत झालं आणि अडतीस माणसं गप्प उभी राहिली. पूर्ण टूरमधली माझ्यासाठी सगळ्यात मोलाची पाच मिनिटं.

मांडवी :

मी मडगावची. लिस्बनला जेरोनिमोस मठात वास्को द गामाची दगडी कबर पाहिली तेव्हा पाय जागीच थबकले होते, इतकं त्याचं नाव आमच्या घरा-दारात, शाळेत, रेल्वे स्टेशनावर. पण गोव्याच्या माणसाने फ्लॉरेन्सही त्याच नजरेने बघावं. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेव्हियरचे अवशेष ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहेत, तो फ्लॉरेन्सहून आला. तस्कनीचे (फ्लॉरेन्सच्या प्रांताचे) ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरे मेदिची यांनी तो भेट दिला, जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात उभा राहिला. फ्लॉरेन्सला सान लोरेन्झोमधलं मेदिची घराण्याचं स्मारक पाहाल तर तिथे भिंतीभर रंगीत दगडांचं जडावकाम दिसेल. मी तिथे उभी राहिले आणि लहानपणी आजीचा हात धरून पाहिलेला तो चौथरा आठवला. ग्रुपमध्ये मोकळा वेळ मिळाला तर जरूर जा.

कोरा चहा :

जेवणाचं मी सांगतो, घरात दोन कट्टर शाकाहारी आहेत.

"रोज भारतीय जेवण" म्हणजे बहुधा रात्री दाल, पनीर, भात, रोटी. ठीक असतं, दहाव्या दिवशीही तेच असतं. नाश्ता युरोपीय, आईंना तिथे ब्रेड, फळं, दही, सिरियल एवढंच मिळेल. केक, बिस्किटं, क्रोसाँ यांत अंडं धरूनच चाला. दुपार बहुतेकदा तुमची तुम्ही. तिथे पित्झा मारिनारा मागा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच. पास्ता अल पोमोदोरो मागताना ताजा की सुका ते विचारा, ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्यात सहसा नसतं. आणि वर भुरभुरतात ते पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं, तो त्या चीजचा नियमच आहे. आईंना चालणार नसेल तर "सेंझा फोर्माज्जो" म्हणा, म्हणजे चीजशिवाय.

पिसाला मनोऱ्याच्या गर्दीतून बाहेर पडून चेचीना शोधा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेलं. आपलं बेसनाचं धिरडंच. वर मिरपूड टाकून कागदात देतात.

हमरस्त्यावरच्या थांब्यावर कॉफी हवी असेल तर आधी गल्ल्यावर पैसे भरा, पावती घेऊन काउंटरवर जा. अख्खी बस एकदम उतरते, त्यामुळे ज्यांना हे माहीत असतं त्यांचीच कॉफी वेळेत होते. थेपले, मेतकूट, लिंबाचं लोणचं जवळ असू द्या. मेतकूट-भात कुठल्याही भारतीय हॉटेलात जमतो.

डॉ. सुंठ :

पेशाने डॉक्टर. थोडक्यात लिहितो.

१. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. एजंट स्वस्तातला काढून देतात. त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का ते पॉलिसीत वाचा. बीपी, शुगर लपवू नका, दावा नाकारला जातो.
२. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पट्टीसकट, चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव.
३. दीर्घ विमानप्रवासात आणि बसमध्ये दर दीड तासाने घोटे फिरवणं, उठून उभं राहणं. बाबांना पायमोजे कुठले घालायचे ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.
४. निघण्याआधी दोन महिने रोज चालणं. फिजिओकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. रोमचे रस्ते चौकोनी काळ्या दगडांचे आहेत, पाय मुरगळतो. नवे बूट तिथे जाऊन पहिल्यांदा घालू नयेत.

खिडकीजवळची जागा :

व्हिसाचं : ज्या देशात जास्त रात्री त्याच्याकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात भेटीच्या वेळा मिळत नाहीत तेव्हा लवकर करा. शुल्क मोठ्यांना ९० युरो. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे, चेहऱ्याचा फोटो घेणं सुरू झालंय, पहिल्या वेळेला रांग लांबते. उतरल्यावर लगेच बस गाठायची असेल तर टूर मॅनेजरला हे माहीत असू दे. टूरच्या पैशांवर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) घेतात, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पावती जपा.

पंचगंगा :

धागा उशिरा पाहिला. आमच्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. तिथे दहनाची पद्धत नव्हती, तरी खास परवानगी मिळाली आणि आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारली, आत महाराजांचा अर्धपुतळा आहे. कॅशिने बागेच्या पार टोकाला. शेजारच्या पुलाला आजही इंदियानो म्हणतात. कुठल्याही टूरच्या यादीत हे नसतं. फ्लॉरेन्सला दोन रात्री असतील तर वेळ काढता येईल. मराठी माणसाने तिथवर जाऊन हे न पाहता परत येऊ नये असं मला फार वाटतं.

तांबडी माती :

@पंचगंगा, अंगावर काटा आला. बाबा राजाराम कॉलेजचे विद्यार्थी! तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. चष्मा काढून बराच वेळ बसले होते. मग म्हणाले, "महाराज बाहेर वारले एवढं माहीत होतं. जागा जपलीय हे माहीत नव्हतं." इतके दिवस "तू नेशील तिथे" म्हणणारा माणूस काल रात्री नकाशा काढून बसला होता.

ठरलं. दुसरा कार्यक्रम. हॉटेलांची नावं लेखी मागितली आहेत, व्हेनिसच्या दोन गाइडचंही विचारलंय.

कोरा चहा :

वा! वृत्तांताच्या प्रतीक्षेत.

तांबडी माती :

परत आलो! उशीर झाला, क्षमस्व. या धाग्याचं देणं लागते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या बसमध्ये ३८ जण होते. ठाणे, नाशिक, पुणे आणि इंदूरचं एक मराठी कुटुंब. जागा रोज दोन रांगा पुढे सरकत, त्यामुळे प्रत्येकाला कधी ना कधी पुढची खिडकी मिळाली. बाबा पुढे आले त्या दिवशी चालकाने त्यांना स्वतःचं कार्ड आणि टॅकोग्राफवरचे आकडे दाखवले. भाषा येत नव्हती, बोटांनी साडेचार, मग पंचेचाळीस असं सांगितलं. बाबांना आधीच माहीत होतं, त्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून प्रत्येक थांब्यावर बाबा घड्याळ लावून लोकांना बसमध्ये चढवायला लागले.

पॉम्पेई बाबांना जड गेलं. रस्ता ओलांडायला तिथे उंच दगडी टप्पे आहेत, रोमन काळातले. मध्ये रथांच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या. अर्ध्या वाटेवर ते थांबले. मग स्थानिक गाइडने सांगितलं की कमी चढउताराचा एक आखून दिलेला सपाट मार्ग आहे, टूर मॅनेजर त्यांना तिकडून घेऊन आला. हे आधी विचारायला हवं होतं. पुढे कुणी ज्येष्ठांना नेणार असाल तर पहिल्याच दिवशी या मार्गाचं विचारा.

नाझोनेची युक्ती बाबांनी अख्ख्या ग्रुपला शिकवली. व्हेनिसला दोन गाइड आले. रोमचं हॉटेल मात्र मेट्रोपासून लांब निघालं, नकाशावर मी नीट पाहिलं नव्हतं. रात्रीचं रोम एकदाच पाहता आलं, याची रुखरुख राहिली. रुळावरची गाडी म्हणाले होते ते तिथे आठवलं.

चेचीना मिळाली. पिसाला मनोऱ्यापासून दोन गल्ल्या आत, एका छोट्या बेकरीत. भट्टीतून परात बाहेर आली तेव्हा कडा करपलेल्या, मध्ये पिवळीधम्मक, थरथरती. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "जिरं नाही गं यात." पण दोन तुकडे खाल्ले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाहेरचं काही पोटभर खाल्लं. दुकानातल्या बाईंना मी खुणेने सांगितलं की आमच्याकडेही हेच करतात. त्यांनी पैसे घेतले दोनाचे आणि तुकडे दिले तीन.

फ्लॉरेन्सचा दुसरा दिवस. दुपारी दोन ते सात मोकळा वेळ, लोक चामड्याच्या बाजाराकडे गेले. आम्ही तिघं आणि नाशिकचे एक काका-काकू टॅक्सी करून निघालो. बाग संपता संपत नाही. सायकलवरची मुलं, धावणारे लोक, कुत्री. शेवटी झाडी विरळ होते, नदी दिसते आणि पलीकडे तारांनी तोललेला तो मोठा पूल. त्याच्या अलीकडे छत्री. अगदी आपल्याकडे नदीकाठी असते तशी, चार खांब आणि वर घुमट. आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, चेहरा फारच कोवळा.

बाबांनी बूट काढले. खाली खडी होती, मी म्हटलं राहू द्या, पण ऐकलं नाही. कठड्याशी उभं राहून त्यांनी इंग्रजीतला लेख आईला मराठीत सांगत सांगत वाचला, वर्गात सांगायचे तसा, एकेक ओळ थांबून. मग म्हणाले, "वीस वर्षांचा पोर. आणि घरचं कुणी जवळ नाही." आईने पदराने डोळे पुसले. आम्ही संगमापर्यंत गेलो. मुन्योने म्हणजे जेमतेम ओढा आहे. दीडशे वर्षांपूर्वी इथेच चिता रचली असेल, हे कुणीच बोललं नाही, पण सगळे त्या पाण्याकडेच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी व्हेनिसच्या वाटेवर टूर मॅनेजरने माइक बाबांच्या हातात दिला. त्यांनी पंधरा मिनिटं ही गोष्ट सांगितली. मागच्या रांगेतली कॉलेजची मुलंही इयरफोन काढून ऐकत होती. थांब्यावर उतरल्यावर चार-पाच जण टूर मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, आम्हालाही तिथे न्यायला हवं होतं.

पंचगंगा :

वाचून फार बरं वाटलं. बाबांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वर्षी आम्ही दहा जण जातोय, तेव्हा तिथे पोचण्याचं नेमकं कसं ते लिहाल का?

तांबडी माती :

नक्की. टॅक्सीवाल्याला "पियाझ्झाले देल्लिंदियानो" सांगा, लगेच कळतं. ट्रामने कॅशिनेच्या थांब्यावर उतरू नका. ते बागेचं गावाकडचं टोक आहे, तिथून छत्री तीनेक किलोमीटर लांब. परतीला तिथे टॅक्सी मिळत नाही, आम्ही पाऊण तास अडकलो. त्यामुळे आलेल्या टॅक्सीलाच थांबवून ठेवा किंवा परतीची वेळ आधीच ठरवा. सकाळी जाल तर ऊन कमी लागेल. जवळपास पाणी किंवा स्वच्छतागृह आम्हाला दिसलं नाही, बाटली भरून न्या. आणि कंपनीशी पैसे भरण्याआधीच बोला : दहा जण म्हणजे दोन मोठ्या टॅक्सी, मोकळी दुपार तुमच्या हातात राहील एवढंच त्यांच्याकडून लिहून घ्या.